'टीक' आणि 'साग' : एका वृक्षाची दोन नावे

किनवटच्या अरण्यातील ज्या वृक्षास मराठी भाषिक 'साग' म्हणतो, त्यालाच शेजारच्या आदिलाबादचा तेलुगू भाषिक 'टेकु' म्हणतो. इंग्रजीतील 'टीक' हा शब्द यांपैकी दुसऱ्या नावाच्या कुळातील होय.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. तो पोर्तुगीज 'तेका' या शब्दावरून आला आणि 'तेका'चे मूळ मल्याळम 'तेक्कु' हे आहे. तमिळमध्ये 'तेक्कु', कन्नडमध्ये 'तेग' ही त्याचीच भावंडे होत. १४९८ मध्ये पोर्तुगीज मलबारच्या किनाऱ्यास लागले व तेथील नावानिशीच त्यांना हे लाकूड परिचित झाले. इंग्रजांची वखार १६१३ मध्ये सुरतेस स्थापन झाली. त्या किनाऱ्यावर 'साग' हेच नाव चालत असूनही इंग्रजीत रूढ झाला तो पोर्तुगीजांनी प्रचलित केलेला शब्द. आधीच्या व्यापाऱ्याची भाषा नंतरच्या व्यापाऱ्यास अशी वारशाने मिळते.

धाकट्या लिनियसने १७८२ मध्ये या वृक्षास 'टेक्टोना ग्रँडिस' असे शास्त्रीय नाव दिले. ग्रीक 'टेक्टोन' म्हणजे सुतार. संस्कृत 'तक्षन्' हा त्याचा सगोत्र शब्द. त्यामुळे 'टीक'चा संबंध 'तक्षन्'शी जोडण्याचा मोह होतो. परंतु मल्याळम, पोर्तुगीज व इंग्रजी ही परंपरा स्पष्ट असता केवळ ध्वनिसाम्य प्रमाण मानता येत नाही.

'साग' हा मात्र संस्कृत 'शाक' या शब्दापासून आला. अरबी-फारसीतील 'साज' हे नावही बहुधा याच शब्दावरून गेले असावे, असे यूल व बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात नोंदविले आहे. म्हणजे एकाच वृक्षाचे आर्य नाव अरबस्तानात व द्राविड नाव युरोपात पोचले.

किनवट १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेने सीमा बदलली, तरी या अरण्यप्रदेशात मराठी व तेलुगूबरोबर गोंडी आणि कोलामी या द्राविड भाषाही नांदत आल्या आहेत. मलबारी शब्दाची नोंद समुद्रव्यापारामुळे युरोपीय कोशांत झाली. गोंडी-कोलामीतील वृक्षनामांना असा व्यापारी लाभला नाही. ती बोलणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर ही नावे उच्चारासह टिपून घेणे, हे मराठवाड्यातील भाषाभ्यासकांचे अगत्याचे कर्तव्य आहे.