पॅकेज व्यवस्थापक

संगणकावर सॉफ्टवेअर बसवणारी, अद्ययावत ठेवणारी आणि काढून टाकणारी प्रणाली. एखाद्या प्रोग्रामला लागणारे इतर घटकही (अवलंबित्वे) ती शोधून आणते. तिचे खरे मोल यातच आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीत डीपीकेजी एकेक पॅकेज बसवतो; त्याच्या वरचा एपीटी (डेबियन २.१, १९९९) अवलंबित्वे सोडवतो आणि पॅकेजांच्या भांडाराची डिजिटल सही तपासतो. फेडोरात डीएनएफ, मॅकओएसवर होमब्रू (२००९), विंडोजवर विंगेट हे काम करतात.

सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिथेही एपीटीच चालतो. मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा लोहित देवनागरी फॉन्ट आणि लिबरऑफिसचा मराठी संच डेबियनच्या भांडारातून एकेका आज्ञेने मिळतात.

भूम, परंडा, कळंबसारख्या तालुक्यांत जिथे इंटरनेट मंद असेल, तिथे एक सोय मोलाची ठरते: एपीटीच्या ‘एपीटी-गेट’ या आज्ञेने उतरवलेल्या फाइली संगणकात साठून राहतात आणि त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हने नेता येतात. नवी ‘एपीटी’ आज्ञा मात्र बसवणी होताच त्या पुसते.

व्यवस्थापकाची निवड करताना प्रणालीचा स्वतःचा व्यवस्थापकच आधी वापरावा. अनोळखी भांडार जोडू नये. कारण त्यातील पॅकेज बसताना पूर्ण प्रशासकीय अधिकाराने चालते.