लाल दिव्यानंतर एकतीस वर्षांनी

परवा लॅपटॉपचा विटेएवढा चार्जर मेला. नवा आणला तर चक्क मुठीत मावतो! त्यावर बारीक अक्षरांत 'गॅन'. म्हणजे गॅलियम नायट्राइड. जास्त व्होल्टेज सोसतं, भराभर स्विच होतं, म्हणून आतले सुटे भाग लहान चालतात. पण मंडळी, एके काळी या मटेरिअलचा नाद बहुतेकांनी सोडला होता.

लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्ये बनवला. निळा मात्र अडून बसला, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. एलईडीला दोन थर लागतात: जादा इलेक्ट्रॉनवाला 'एन' आणि इलेक्ट्रॉनची कमतरता असलेला 'पी'. गॅलियम नायट्राइडचा स्फटिक धड वाढत नसे, आणि पी थर तर काही केल्या जमेना. बरेच जण झिंक सेलेनाइडकडे वळले. ते काही वेडे नव्हते हं. १९९१ मध्ये त्यातून निळा-हिरवा लेसर निघालाही! फक्त तो टिकेना.

नागोयात इसामु आकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी आमानो गॅनलाच धरून राहिले. १९८६ मध्ये सफायरच्या चकतीवर आधी अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यांनी चांगला स्फटिक वाढवला. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नमुना बघताना दिसलं, की झोत पडला की तो जास्त चमकतो. १९८९ मध्ये त्यातूनच पी थर मिळाला. पण का?

उत्तर १९९२ मध्ये निचिया कंपनीच्या शुजी नाकामुरांनी दिलं. स्फटिकाला नायट्रोजन पुरवणाऱ्या अमोनियातलाच हायड्रोजन आतल्या मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करत होता. नायट्रोजन वायूत ७०० अंशांच्या वर तापवलं, की तो सुटतो. बस्स, एवढंच! १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी आला आणि २०१४ मध्ये तिघांना नोबेल.

म्हणजे मटेरिअल बिचारं ठीकच होतं. खोट बनवण्याच्या रीतीत होती, आणि इतकी वर्षं बोल लागला मटेरिअलला.

हे वाचताना जरा ओशाळलो. गेल्या वर्षी आमच्या टीमने एक जुनं मॉड्यूल 'हे सुधरायचं नाही' म्हणून काढून टाकलं. हो म्हणणाऱ्यांत मीही होतो. लॉग नीट कुणीच वाचले नव्हते.

असो. सोमवारी काढून बघणार आहे.