जुन्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक जोड : सीलंट कोठे व कोणते?

हायड्रॉलिक जोडातून तेल पाझरू लागले की बहुतेकांचा हात टेफ्लॉन टेपकडे जातो. त्याआधी जोड खोलून आटे पाहावेत. टोकाकडे निमुळते होणारे आटे एकमेकांत रुतून तेल अडवतात. उरलेल्या फटी भरायला सीलंट लागते. सरळ आटे फक्त पकड देतात. तेथे तेल अडवते ती ओ-रिंग, तांब्याचा वॉशर किंवा फिटिंगच्या तोंडाचा कोन. अशा जोडाला कितीही सीलंट फासले तरी गळती थांबत नाही. वॉशर, ओ-रिंग नवी घालावी. कोनावर चरा असल्यास फिटिंगच बदलावे.

निमुळत्या आट्यांसाठी हायड्रॉलिक कामाचे द्रवरूप ॲनारोबिक सीलंट घ्यावे. ते हवा न मिळाल्यावर धातूच्या संपर्कात घट्ट होते. आट्यांवरचे तेल आणि जुने सीलंट पूर्ण पुसावे, टोकाचा पहिला आटा कोरडा ठेवावा. बाटलीवर दिलेला वेळ जाईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नये.

टेप टाळलेलाच बरा. त्याचे तुकडे तेलाबरोबर जाऊन कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. शिवाय टेपमुळे जोड सहज फिरतो, गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि बिडाच्या हौसिंगला तडा जाऊ शकतो. मग खर्च कुठल्या कुठे जातो! नळकामाचे सूत-सफेदा तर नकोच.

जोड खोलण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून लिव्हर हलवावा व दाब सोडावा. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.