आंबेडकर, डॉ. भीमराव रामजी : मुंबई कायदेमंडळातील आरंभीची कारकीर्द

डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी). १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी मुंबई कायदेकौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली आणि सहाच दिवसांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. प्राप्तिकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, मग पीक बुडाले तरी गरीब शेतकऱ्याकडून सारा का वसूल होतो, असा त्यांचा सवाल होता. पुढच्या दहा वर्षांतले त्यांचे शेतीविषयक काम या सवालातूनच वाढले. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला.

त्यांची खरी कसोटी लागली ती खोतीच्या प्रश्नावर. रत्नागिरीत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे. तो सारा सरकारात भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई; कुठे अर्धेल, कुठे तिर्धेल. शिवाय वेठ होतीच. १८८० च्या खोती कायद्याने कायम कुळांचा वारसाहक्क मानला, पण खोताच्या संमतीवाचून जमीन दुसऱ्याला देता येत नसे. कुणबी आणि महार ही कुळे या ओझ्याखाली सारखीच वाकलेली होती. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला जिल्ह्याची शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष आंबेडकरच होते. 

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतून ते विधानसभेवर आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला नुकसानभरपाई द्यावी, जमीन कसणाऱ्याला कब्जेदार मानावे आणि त्याने सारा थेट सरकारात भरावा, अशी त्याची मांडणी होती. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणासह प्रांतभरातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर मोर्चाने आले आणि शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना भेटले. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मुंबई खोती निर्मूलन कायदा झाला तो १९४९ साली, पुन्हा खेरच मुख्यमंत्री असताना. तोवर आंबेडकर दिल्लीत केंद्रीय कायदामंत्री झाले होते.