ठेवीदाराला विचारतो कोण?

१ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे उलटले होते. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभाला आले, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रे पुरवली आणि धसईचे नाव देशभर झाले. पुढे वृत्तपत्रांचे बातमीदार पुन्हा गावात गेले, तेव्हा बरीच यंत्रे पडून होती आणि बाजार पुन्हा रोखीवर चालला होता. यावर शहरात एक ठरलेले उत्तर मिळते: खेड्यातल्या माणसाला पैशाचे शिक्षण नाही, त्याला बँकेचे वावडे आहे. मला हे उत्तर मुळातच चुकीचे वाटते. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या छोट्या बचतदाराचा बँकेवरचा राग आणि दिल्ली-मुंबईच्या राजकारणावरचा त्याचा अविश्वास दीडशे वर्षांच्या अनुभवातून आला आहे. या काळात पैशाची प्रत्येक नवी व्यवस्था त्याच्याच भल्याच्या नावाने आली, आणि एकाही व्यवस्थेत त्याला जाब विचारण्याची जागा मिळाली नाही.

या भागात रोख पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो रेल्वे आणि जंगलाच्या ठेक्यांबरोबर. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये पुरा झाला आणि घाटाच्या पायथ्याचे कसारा हे इंजिनांचे, मजुरांचे, लाकूडव्यापाऱ्यांचे ठिकाण बनले. १८७८च्या जंगल कायद्याने ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा रानावरचा हात आखडला. सारा रोखीत भरायचा, मजुरी ठेकेदार देईल तेव्हा मिळायची, आणि पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी उचलायची. ती पीक आल्यावर दिढीने, कधी दुपटीने फेडायची. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९चा कायदा केला, पण तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. जिथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या तिथे कायदा पोचला, ठाण्याच्या जंगलपट्टीला वाट पाहावी लागली. कसारा ज्यात येते तो शहापूर तालुका १९३६च्या आदेशाने ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रात गेला, मग सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या कर्जबाजारीपणाची आणि वेठीची चौकशी केली. त्याच सुमारास माथेरानचे भाई कोतवाल कर्जतकडच्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे उभारत होते, म्हणजे सावकाराला पर्याय ठरेल अशी गावाचीच एक बँक. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांचे बलिदान या परिसराने जपले आहे. कोठाराची कल्पना मात्र कुणी पुढे नेली नाही, याची मला अधिक खंत वाटते, कारण त्या कोठारात धान्य ठेवणारा आणि त्याचा हिशेब विचारणारा हे एकाच गावचे होते.

स्वातंत्र्यानंतर सहकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४चा, पण अर्धशतक उलटल्यावर गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का निघाला. बाकीचा बहुतेक भार सावकार-व्यापाऱ्यांकडेच होता. या अहवालातून १९५५ची स्टेट बँक निघाली आणि जिल्हा बँकांना बळ मिळाले. ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक १९५७ची. गावची सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक अशी ही उतरंड. जिल्हा बँकेचे संचालक निवडतात ते मुख्यतः सभासद संस्थांचे प्रतिनिधी. आपली चार पैशांची ठेव तिथे ठेवणाऱ्या भातशेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या हाती मत नाही. बँक जिल्ह्याच्या राजकारणाचा आखाडा झाली त्याचे मूळ इथे आहे. ज्यांचा पैसा ते आणि ज्यांचे मत ते, ही माणसे पहिल्यापासून वेगळी ठेवली गेली.

मग १९ जुलै १९६९ उजाडला. पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. या निर्णयाची वेळ काँग्रेसमधल्या भांडणाने ठरवली हे आता कुणी नाकारत नाही. मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले गेले, राष्ट्रपतिपदाची निवडणूक तोंडावर होती आणि इंदिरा गांधींना आपण गरिबांच्या बाजूच्या आहोत हे दाखवायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द केला आणि चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला. हेतू राजकीय होता म्हणून परिणाम वाईट झाला असे मात्र म्हणता येत नाही. १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या ग्रामीण शाखा १,८३३ होत्या, दोन दशकांत त्या पस्तीस हजारांच्या घरात गेल्या. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाकणाऱ्या अग्रणी बँक योजनेत ठाणे जिल्हा बँक ऑफ महाराष्ट्रकडे आला. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले की या काळातल्या शाखाविस्ताराने खेड्यातले दारिद्र्य खरोखर घटवले. तेव्हा ‘सरकारी हस्तक्षेपाने बँका बुडवल्या’ हा आक्षेप या पट्ट्यापुरता तरी टिकत नाही. सरकारने ढकलले नसते तर घाटाखालच्या वाडीवस्तीला शाखेचे दार दिसलेच नसते.

माझी तक्रार आणखी एका गोष्टीबद्दल आहे. १९७०च्या कायद्यात एक तरतूद होती आणि ती फार थोड्यांच्या लक्षात आहे: राष्ट्रीयीकृत बँकेच्या संचालक मंडळावर ठेवीदार, शेतकरी, कामगार आणि कारागीर यांचे प्रतिनिधी असावेत. हे प्रतिनिधी निवडायचे कुणी? केंद्र सरकारने. ठेवीदाराला खुर्ची दिली आणि तिच्यावर कोण बसणार हे दिल्लीने ठरवले. तिथेच एक मोठी संधी हुकली. शाखा हुकमाने आली होती, त्यामुळे तिचे भवितव्यही हुकमावर टांगलेले राहिले. बँक नसलेल्या गावांत चार शाखा उघडल्या तरच बँक असलेल्या ठिकाणी एक उघडता येईल हा १९७७चा नियम १९९० मध्ये गुंडाळला गेला, आणि खेड्याकडे धावणाऱ्या बँकांचे पाय थबकले. ठाणे ग्रामीण बँक २००८ मध्ये औरंगाबाद-जालन्याच्या ग्रामीण बँकेत मिसळली. दोन्हींची पुरस्कर्ती बँक ऑफ महाराष्ट्र, हाच त्यांचा परस्परसंबंध. ज्यांच्या पावसात, पिकात, बाजारात काहीच सारखे नाही अशा मुलखांच्या बँका एक झाल्या आणि खातेदाराला ते पासबुकावरचे नाव बदलल्यावर कळले.

नोव्हेंबर २०१६ कडे या इतिहासातून पाहिले पाहिजे. ८ नोव्हेंबरच्या रात्री देशातल्या चलनाचा मूल्याने ८६ टक्के भाग रद्द झाला. शहापूर-मुरबाडमध्ये तो काळ भाताच्या कापणी-झोडणीचा, मजुरी चुकती करण्याचा. कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघण्याचा. लोक नोटा घेऊन आधी जिल्हा बँकेत गेले, कारण सोसायटीचे कर्ज आणि भाताचे पैसे अनेकांचे तिथेच. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई केली. पहिल्या चार दिवसांत घेतलेल्या नोटा या बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी मिळाली २० जून २०१७ रोजी, म्हणजे पेरणी तोंडावर आल्यावर. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे ८ नोव्हेंबरपूर्वीच शिल्लक असलेली ११२ कोटींची रोकड तर शेवटी तोट्यात धरायला सांगितली गेली.

यावर आक्षेप येतो तो असा की जिल्हा बँका पुढाऱ्यांच्या होत्या, त्यांतून काळा पैसा पांढरा झाला असता, म्हणून मनाई योग्यच. जिल्हा बँका पुढाऱ्यांच्या हातात होत्या हे मी वर मान्यच केले आहे. पण त्या तशा झाल्या त्या ठेवीदाराला मत नव्हते म्हणून, आणि संचालकांच्या संशयित पापाची शिक्षा झाली ती त्याच मत नसलेल्या ठेवीदाराला. काळ्या पैशाबद्दल म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्याच २०१८च्या अहवालानुसार रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. त्यांतला फार मोठा वाटा बड्या बँकांच्या काउंटरवरून गेला, आणि त्या बँकांना कुणी चार दिवसांत दार लावायला सांगितले नव्हते. ठाण्याची जिल्हा बँक हात बांधून उभी असताना त्याच जिल्ह्यातले धसई रोकडरहित म्हणून मिरवले जात होते. या दोन गोष्टी एकाच महिन्यात पाहिलेल्या माणसाने यंत्रावर विश्वास ठेवायला नकार दिला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

नोटाबंदीने बँकेत आणलेल्या पैशाचे पुढे काय झाले तेही त्याने पाहिले. एप्रिल २०१७ पासून स्टेट बँकेने किमान शिलकीचा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये वसूल केले. जनधन खात्यांना तो दंड नव्हता हे खरे. पण साधे बचत खाते असलेल्या पेन्शनरला किंवा पोळ्या लाटून पैसे साठवणाऱ्या बाईला तो होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेत एफआरडीआय विधेयक आले. बुडणारी बँक वाचवण्यासाठी ठेवीदाराचा पैसा वापरता येईल अशी त्यातली तरतूद कळल्यावर देशभर घबराट झाली आणि वर्षभराने सरकारने ते मागे घेतले. ठेवींवरचा विमा १९९३ पासून एक लाखावर थांबलेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सहा महिन्यांत हजार रुपयेच काढता येतील असे ठेवीदारांना सांगितले गेले, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मुंबईत माणसे रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये विमा पाच लाखांवर गेला. सत्तावीस वर्षे न हललेला आकडा पाच महिन्यांत हलला. गर्दी राजधानीच्या फुटपाथवर असली की ती ऐकू जाते. कसाऱ्याहून पहिली लोकल पकडून मजुरीला जाणाऱ्याला अशी गर्दी करता येत नाही. आणि गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा आजही नाही.

छोटे गुंतवणूकदार स्वतःच हावरे असतात, दामदुपटीच्या मागे लागतात, मग बुडाले की सरकारला दोष देतात, असेही म्हटले जाते. छोट्या गुंतवणूकदारांकडून पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स कंपनीकडून सुमारे ४९ हजार कोटी परत करवण्याचा आदेश सेबीने २०१४ मध्ये दिला. तसेच पैसे गोळा करणाऱ्या वसई-विरारकडच्या मैत्रेय समूहावर २०१६ मध्ये नाशिकला गुन्हा दाखल झाला. वसई आणि नाशिक यांच्या मधोमध हा सगळा मुलूख येतो. लोभ कुठे नसतोच असे नाही. पण या कंपन्यांचा एजंट घरी येई, शंभर-दोनशेचा हप्ता नेई, पावती हातात देई, बहुधा तो नात्यातलाच असे. बँकेत तेवढ्याच पैशांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून रांग लावायची, फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यायचा आणि छायाप्रती आणायला पुन्हा बाजारात जायचे. जी संस्था छोट्या ठेवीला उपद्रव समजते तिने सोडलेली जागा ठक भरून काढतो. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९चा आहे, म्हणजे सरकारला हा धोका फार आधीपासून ठाऊक होता.

आता या पट्ट्यातल्या बाजारांत भाजीवालीच्या टोपलीशेजारी क्यूआर कोड दिसतो, मग धसईचा प्रयोग दूरदृष्टीचाच होता ना? मला त्यातून उलट गोष्ट सिद्ध झालेली दिसते. मोबाइलवरचे पैसे पसरले ते यंत्राचे भाडे नव्हते, दुकानदाराचे कमिशन कापले जात नव्हते आणि पटले नाही तर उद्या बंद करता येत होते म्हणून. निवड त्याच्या हातात होती तिथे त्याने नवे तंत्र समारंभाविना घेतले.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४च्या नियमांनी ग्रामसभेला सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. आदिवासीला कर्ज देणाऱ्या सावकाराला ग्रामसभा बोलावू शकते. बँकेच्या शाखेबाबत असे काही नाही. गावातली एकमेव शाखा हलवायची असेल तर प्रश्न जातो जिल्हा सल्लागार समितीकडे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, निमंत्रक अग्रणी बँक, आणि टेबलाभोवती बँका व सरकारी खाती. शाखा व्यवस्थापकाने वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे उभे राहून गावातून किती ठेवी गोळा झाल्या, त्यातले किती कर्ज गावात परत आले, किती दंड कापला आणि किती अर्ज नाकारले हे वाचून दाखवावे, एवढी दुरुस्ती करायला ना नोटा छापाव्या लागतात ना नवी बँक काढावी लागते. सावकारासाठी जो अधिकार ग्रामसभेला मिळाला आहे, तो बँकेपर्यंत वाढवण्याची मागणी शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांनी ठराव करून करायला हवी.