तोफेचे आकारमान आणि नेमाचे तंत्र

गोवळकोंड्याच्या पेटला बुरुजावर औरंगजेबाची ‘फतेह रहबर’ ही तोफ आजही पाहावयास मिळते. मुहम्मद अली अरब याने ओतलेली ही तोफ सुमारे 16 फूट लांब आहे. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ तिच्याहून थोराड. 1549 साली अहमदनगर येथे मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंडाचा व्यास दोन फुटांहून अधिक. अशा तोफांची वर्णने आपल्याकडे वजनाने सुरू होतात आणि वजनानेच संपतात. नेमाविषयी कोणी विचारत नाही.

वास्तविक 1687 मध्ये गोवळकोंडा आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर पडला, तो तोफांमुळे नव्हे, तर अब्दुल्ला खान पन्नी याने दरवाजा उघडल्यामुळे. अवजड तोफ भरण्यास फार वेळ लागे, म्हणून एक गोळा चुकला तर त्यावरून पुढचा नेम सुधारण्याची संधी गोलंदाजास क्वचितच मिळे. (हा फारसी शब्द आता मराठीत क्रिकेटपुरताच उरला आहे!) तरी किल्ल्याची भिंत जागची हलत नाही. समुद्रावर मात्र दोन्ही जहाजे चालती असतात, आणि तेथे हाच प्रश्न विसाव्या शतकात निर्णायक ठरला.

अंतर वाढले तसे गोळ्यांनी उडालेले पाण्याचे फवारे पाहून नेम कमी-अधिक करावा लागे. वेगवेगळ्या व्यासाच्या तोफा असतील तर कोणता फवारा कोणाचा, हे कळेना. 1906 च्या ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेवर 12 इंची दहा एकसारख्या तोफा बसविल्या, त्याचा एक मोठा लाभ हाच. एका फैरीत निदान चार गोळे पडले तरच लक्ष्य त्यांच्यामध्ये सापडले की नाही, याचा अंदाज येई; निम्म्या तोफा भरल्या जात असताना उरलेल्या निम्म्या डागायच्या, म्हणजे आठ तोफा हव्यात. जहाजाचे वजन मर्यादित. म्हणून आदर्श तोफ म्हणजे सर्वांत मोठी तोफ नव्हे, तर जिच्या आठ-दहा नगांचे ओझे जहाज पेलू शकेल अशी मोठी तोफ. 1915 च्या ‘क्वीन एलिझाबेथ’वर 15 इंची आठ तोफा होत्या. उलट ‘फ्यूरिअस’साठी 18 इंची दोनच तोफा योजिल्या, 1917 मध्ये प्रत्यक्षात एकच बसली, आणि तीही पुढे काढावी लागली. येथे मलिक-ए-मैदानचीच अडचण पुन्हा उभी राहते.

दरम्यान सर्व तोफांचा नेम उंचावरील एकाच ठिकाणाहून धरण्याची पद्धत आली. 1912 च्या चाचणीत ही यंत्रणा असलेल्या ‘थंडरर’ने तशाच तोफांच्या ‘ओरायन’हून कितीतरी पट अधिक गोळे लक्ष्यावर टाकले. ऑक्टोबर 1944 मध्ये सुरिगाव सामुद्रधुनीत, रात्रीच्या अंधारात, ‘वेस्ट व्हर्जिनिया’ने सुमारे 21 किलोमीटरवरून पहिल्याच फैरीत जपानी युद्धनौका टिपली. जवळच्या ‘मेरिलँड’वरही 16 इंची आठच तोफा होत्या. पण तिचे रडार जुने. लक्ष्य दिसेना, तेव्हा तिने ‘वेस्ट व्हर्जिनिया’च्या गोळ्यांनी उडालेल्या फवाऱ्यांवर नेम धरला.