शब्दवेध : तैनाती

‘तैनात’चं मूळ अरबी ‘तअय्युनात’. अर्थ साधा, नेमणूक. आज नांदेड-लातूरला विसर्जन मिरवणुकीत पोलीस तैनात असतात, त्यात कुणाला काही खटकत नाही. पण एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखाने या शब्दाची फार मोठी किंमत मोजली आहे. १ सप्टेंबर १७९८ला हैदराबादच्या निजाम अलीने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. त्याच्या पदरच्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. १८००मध्ये त्या खर्चापोटी बेल्लारी, कडप्पा गेले. पुढे ‘कंटिंजंट’ ही आणखी एक फौज गळ्यात पडली. तिच्या पगाराची थकबाकी साचली आणि १८५३मध्ये वऱ्हाड हातचं गेलं. मैत्रीच्या नावाखाली ही उघड लूटच होती. या कंटिंजंटची एक छावणी नांदेडशेजारी हिंगोलीला होती.